जोहान्सबर्गचा ड्रिल हॉल



यंदाच्या मालेत मी एका इमारतीच्या इतिहासावर बोलणार आहे हे ऐकून कित्येकांना नवल वाटले. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईभत्त्यावर बोलावे, संपावर बोलावे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका लष्करी कवाईतीच्या हॉलशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका शब्दात सांगता येईल. तो शब्द म्हणजे मस्टर. कारखान्याच्या दारात ज्या वहीत आपली हजेरी लागते तिला आपण मस्टर म्हणतो. ज्याचे नाव मस्टरवर आहे तो कामगार. ज्याचे नाही तो काम करीत असला तरी कायद्याच्या डोळ्यांना दिसत नाही. हा शब्द मूळचा पलटणीतला. शिपाई रांगेत उभे करायचे, नावे पुकारायची, कोण आला कोण नाही हे मांडून ठेवायचे, ह्याला मस्टर म्हणत. ड्रिल हॉल ही असल्या हजेरीसाठीच बांधलेली वास्तू. एका शहराच्या ड्रिल हॉलमध्ये कोणाकोणाची नावे पुकारली गेली, आणि कोणाची पुकारली गेली नाहीत, एवढीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

प्रथम ड्रिल हॉल म्हणजे काय ते पाहू. 1859 साली इंग्लंडात फ्रेंचांच्या स्वारीची हूल उठली. तिसरा नेपोलियन खाडी ओलांडून येतो की काय ह्या भयाने गावोगावी स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या. कचेरीतले कारकून, दुकानदार, कारागीर दिवसा आपापली कामे करीत आणि संध्याकाळी बंदुका घेऊन कवाईतीला येत. पण इंग्लंडातला पाऊस आणि तिथला काळोख ध्यानात घेता उघड्या मैदानावर बारा महिने कवाईत होणे शक्य नव्हते. म्हणून मध्ये खांब नसलेले, उंच छपराचे, लांबरुंद हॉल बांधण्यात आले. एका बाजूला हत्यारांची खोली, दुसऱ्या बाजूला पलटणीची कचेरी. पैसा पुष्कळदा गावच्या वर्गणीतून येई. त्यामुळे कवाईत नसेल तेव्हा तेथेच नाच होत, फुलांची प्रदर्शने भरत, जाहीर सभा होत. पुढे इंग्रज ज्या ज्या वसाहतीत गेला तेथे तेथे त्याने चर्च, क्लब आणि ड्रिल हॉल ही त्रिमूर्ती नेली.

जोहान्सबर्ग हे शहरच मुळी सोन्याच्या लोभातून जन्मलेले. 1886 साली तेथे सोने सापडले आणि ओसाड माळावर बघता बघता शहर उठले. 1899 ते 1902 ह्या काळात त्या सोन्याच्या प्रदेशासाठी इंग्रज आणि बोअर लढले. इंग्रज जिंकले, आणि 1904 साली त्यांनी शहराच्या मध्यभागी, जूबर्ट पार्कच्या जवळ, हा ड्रिल हॉल बांधला. पत्र्याच्या छपराचा हा दांडगा हॉल भोवतालच्या कचेऱ्यांसह उभा राहिला. त्याच साली खाणींच्या मालकांनी चीनमधून कराराचे मजूर आणण्यास आरंभ केला; काही वर्षांत असे एकूण साठ हजारांवर मजूर आणले गेले. म्हणजे एकाच वर्षी शहरात दोन हजेरीपट उघडले गेले. एक खाणीचा, ज्यात काळ्या आणि पिवळ्या माणसांचे अंगठे होते. दुसरा ड्रिल हॉलचा, ज्यात गोऱ्यांच्या सह्या होत्या. पहिल्यातल्या माणसांनी सोने काढायचे आणि दुसऱ्यातल्यांनी त्यावर पहारा करायचा, अशी ही वाटणी होती.

1910 साली दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले आणि 1912 साली त्याचा संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याने लष्करी शिक्षणाची सक्ती केली ती युरोपीय वंशाच्या पुरुषांवर. काळ्या माणसाच्या हाती बंदूक द्यायची नाही हे ठरलेलेच होते. पहिल्या महायुद्धात काळे लोकही युरोपात नेले, पण मजूर म्हणून, हमाली करायला. 21 फेब्रुवारी 1917 रोजी अशा मजुरांना नेणारे ‘मेंडी’ नावाचे जहाज दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले आणि सहाशेहून अधिक काळी माणसे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ थंड पाण्यात गेली. लढाईसाठी मेली खरी, पण शिपाई म्हणून त्यांची नोंद नव्हती.

आता ह्या पलटणींनी पहारा कोणावर केला ते पाहू, कारण तेथे आम्हां कामगारांचा इतिहास सुरू होतो. जुलै 1913 मध्ये खाणीतल्या गोऱ्या कामगारांनी मोठा संप केला. 4 जुलैला बाजारचौकातील सभेला बंदी झाली, घोडेस्वार घातले गेले. दुसऱ्या दिवशी भर शहरात गोळीबार झाला, आणि वीसहून अधिक माणसे मेली. तेव्हा सरकारजवळ पुरेसे देशी सैन्य नव्हते, इंग्रज बादशाही सैन्य आणावे लागले. बोथा आणि स्मट्स ह्या दोन सेनापतींना संपवाल्यांशी तडजोड करावी लागली. सहा महिन्यांनी, जानेवारी 1914 मध्ये, रेल्वेचा संप झाला तेव्हा सरकारने तयारी करून ठेवली होती. लष्करी कायदा पुकारला गेला, युनियनच्या कचेरीसमोर तोफ आणून उभी केली, आणि नऊ पुढाऱ्यांना कोणताही खटला न चालवता ‘उमगेनी’ जहाजावर घालून इंग्लंडला पाठवून दिले.

ह्या दोन संपांच्या मधोमध तिसरा एक संप झाला, आणि त्याचा धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. नामदार गोपाळ कृष्ण गोखले 1912 च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेला गेले होते. जोहान्सबर्गच्या सभेत त्यांनी मराठीत बोलावे असा गांधीजींनी आग्रह धरला. तेथे कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानाची गोखल्यांनी थट्टा केली, पण ते मराठीत बोलले आणि गांधीजींनी त्याचे हिंदुस्थानीत भाषांतर केले. म्हणजे सोन्याच्या त्या नगरीत आपली भाषा व्यासपीठावरून बोलली गेलेली आहे. गोखल्यांनी तीन पौंडांच्या कराविषयी मंत्र्यांशी बोलणी केली. कराराची मुदत संपलेल्या हिंदी मजुराला स्वतंत्र राहण्यासाठी दरसाल तीन पौंड भरावे लागत; म्हणजे स्वातंत्र्याचीच पट्टी. कर उठेल असे गोखल्यांना वाटले होते, तो उठला नाही. ऑक्टोबर 1913 मध्ये न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतील हिंदी मजूर संपावर गेले. 6 नोव्हेंबरला दोन हजारांवर स्त्रीपुरुष गांधीजींबरोबर सरहद्द ओलांडून चालत निघाले. आणि इकडे गोखले हिंदुस्थानात त्यांच्यासाठी पैसा गोळा करीत होते.

आता माझ्यासारख्या युनियनवाल्याला टोचणारी गोष्ट. एकाच देशात, एकाच वर्षी, गोऱ्या खाणकामगारांचा संप झाला आणि हिंदी खाणकामगारांचा संप झाला. दोघांवरही सरकारचे घोडेस्वार आले. पण दोन्ही संप एकमेकांचे झाले नाहीत. पुढे 1922 साली तर ह्याचे भयंकर रूप दिसले. मालकांनी मजुरी कमी करण्यासाठी गोऱ्यांच्या राखीव कामांवर स्वस्तातले काळे कामगार घेण्याचे ठरवले. गोरे कामगार उठले. त्यांनी शस्त्रे घेतली. त्यांच्या एका फलकावर जगातील कामगारांनी एक व्हावे असे लिहिले होते, आणि कशासाठी, तर गोऱ्यांच्या दक्षिण आफ्रिकेसाठी! कार्ल मार्क्सचे अर्धे वाक्य घेऊन त्याला वर्णद्वेषाची शेपटी जोडली होती. त्यांनी काही ठिकाणी निरपराध काळ्या माणसांनाही मारले. सरकारने स्वयंसेवक पलटणी बोलावल्या, तोफा लावल्या, विमानांतून बाँब टाकले. दोनशेंच्या घरात माणसे मेली. लाँग, हल आणि लुईस हे तिघे त्या वर्षाच्या नोव्हेंबरात प्रिटोरियाच्या तुरुंगात लाल बावट्याचे गाणे म्हणत फासावर गेले. त्यांच्या धैर्याला मी नमस्कार करतो. पण त्यांच्या मस्टरवर खाणीत खाली उतरणाऱ्या दहांपैकी नऊ माणसांची नावे नव्हती, हे मला विसरता येत नाही.

कायद्यानेही हेच केले. 1924 च्या औद्योगिक तडजोडीच्या कायद्याने ‘कामगार’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली तीतून पास बाळगणारा आफ्रिकी पुरुष वगळला. पास म्हणजे त्याने सदैव खिशात ठेवायचा परवाना. तो रोज आठ-दहा तास राबत होता, पण कायद्यात तो कामगार नव्हता. म्हणून त्याच्या युनियनला मान्यता नाही, त्याच्या मागणीवर बोलणी नाहीत. ऑगस्ट 1946 मध्ये जे. बी. मार्क्स ह्यांच्या पुढाराखाली सत्तर हजारांवर आफ्रिकी खाणकामगार संपावर गेले. पाचच दिवसांत पोलिसांनी बंदुका-दंडुक्यांनी त्यांना खाणीत परत लोटले. निदान नऊ जण मेले. 1953 साली आफ्रिकी कामगाराचा संप हा सरळ गुन्हाच ठरवला गेला.

येथवर ड्रिल हॉल गोऱ्यांच्या पलटणींचा होता. दोन महायुद्धांत तेथून तरुण भरती होऊन गेले आणि पुष्कळसे परत आले नाहीत. त्यांच्या आयांचे दुःख कोणत्याही रंगाचे नसते. पण त्या हॉलचे नाव जगभर झाले ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण सरकारनेच आपल्या हाताने घडवले.

मार्च 1955 मध्ये सर्व वर्णांच्या कामगारांची एक मध्यवर्ती संघटना जोहान्सबर्गला स्थापन झाली. लिऑन लेव्ही पुढे तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी 25 आणि 26 जूनला शहराजवळच्या क्लिपटाउन येथे लोकांची काँग्रेस भरली. सुमारे तीन हजार प्रतिनिधी आले. दक्षिण आफ्रिका ही तिच्यात राहणाऱ्या सर्वांची आहे, काळ्यांची आणि गोऱ्यांची, असे सांगणारी स्वातंत्र्याची सनद तेथे मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सभेला वेढा घालून कागद न् कागद जप्त केला. पुढे दीड वर्ष तपास चालला आणि 5 डिसेंबर 1956 च्या पहाटे देशभर दारे ठोठावली गेली. दूरच्या शहरांतून माणसे लष्करी विमानांनी आणली. एकूण 156 आरोपी झाले : 105 आफ्रिकी, 23 गोरे, 21 हिंदी आणि 7 मिश्रवंशीय. आरोप राजद्रोहाचा, ज्याला शिक्षा फाशीची.

ह्या 156 जणांत कोण नव्हते? आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली होते, प्राध्यापक मॅथ्यूज होते. नेल्सन मंडेला, वॉल्टर सिसुलू, ऑलिव्हर टांबो होते. डर्बनचे डॉक्टर माँटी नायकर आणि तरुण अहमद कथ्राडा होते. रूथ फर्स्ट आणि जो स्लोव्हो हे गोरे दांपत्य होते. शिवणकाम करणाऱ्या कामगार स्त्रियांच्या युनियनमधून पुढे आलेल्या लिलियन न्गोयी होत्या आणि त्यांच्या सहकारी हेलन जोसेफ होत्या. ह्याच दोघी चार महिन्यांपूर्वी, 9 ऑगस्टला, पासाच्या विरोधात सुमारे वीस हजार स्त्रियांचा मोर्चा घेऊन प्रिटोरियाच्या सचिवालयावर गेल्या होत्या. आणि आमच्या धंद्यातले म्हणजे युनियनचे कार्यकर्ते तर पुष्कळच होते : लेव्ही, डर्बनचे बिली नायर, पोर्ट एलिझाबेथचे वुयिसिले मिनी.

त्यांना प्रथम शहरातल्या टेकडीवरच्या फोर्ट नावाच्या तुरुंगात ठेवले. ह्याच तुरुंगात 1908 साली गांधीजी होते. तुरुंगात गोरे वेगळे, काळे वेगळे, स्त्रिया वेगळ्या. जेवणसुद्धा कातडीच्या रंगाप्रमाणे. पण आफ्रिकी आणि हिंदी पुरुषांना मोठ्या बराकींत एकत्र कोंडले आणि तेथे जे घडले ते ऐकून ह्या मालेच्या श्रोत्यांना आनंद होईल. त्या लोकांनी बराकीत व्याख्यानमाला सुरू केली! प्राध्यापक मॅथ्यूज बोलले, हिंदी काँग्रेसच्या इतिहासावर देबी सिंग बोलले, पाद्री कलाटा आफ्रिकी संगीतावर बोलले. मिनी ह्यांचा आवाज खर्जातला, धीरगंभीर. त्यांनी गाणाऱ्यांचा मेळा जमवला. ज्या पुढाऱ्यांना एकमेकांना भेटायची बंदी होती, ज्यांना आपला जिल्हा सोडता येत नव्हता, त्यांना सरकारने स्वतःच्या खर्चाने आणून एका खोलीत बसवले होते.

आता प्रश्न आला तो जागेचा. 156 आरोपी, त्यांचे वकील, साक्षीदार, वार्ताहर मावतील असे एकही न्यायालय जोहान्सबर्गात नव्हते. तेव्हा सरकारला आठवण झाली ती ड्रिल हॉलची. 19 डिसेंबर 1956 रोजी बंद गाड्यांतून आरोपींना तेथे आणले. रस्त्यावर हजारो लोक गात उभे होते; आपण आपल्या पुढाऱ्यांच्या पाठीशी आहोत असे फलक त्यांच्या हाती होते. आत पत्र्याखाली उकाडा, आणि ध्वनिक्षेपकाची सोय नाही. सरकारी वकील काय वाचतो ते कोणालाच ऐकू येईना. राजद्रोहाचा खटला पहिल्याच दिवशी तहकूब झाला तो आवाज पोचत नाही म्हणून! सभा भरवणाऱ्या आपल्यासारख्यांना ह्यातली नामुष्की चांगली कळेल.

दुसऱ्या दिवशी मात्र सरकारने तयारी केली होती. ती ध्वनिक्षेपकाची होतीच, पण आणखी एक होती. आरोपींच्या बसण्याच्या जागेभोवती जाळीचा पिंजरा उभा केला होता. आरोपींना त्यात बसवले. एकाने कागदावर लिहून जाळीला लावले की प्राणी धोकादायक आहेत, कृपया काही खायला घालू नये. वकिलांनी बजावले की आमचे अशील जनावरांसारखे कोंडलेले असतील तर आम्ही येथे थांबणार नाही; आम्हाला त्यांच्याशी बोलताही येत नाही. मॅजिस्ट्रेट वेसेल ह्यांना ते मान्य करावे लागले आणि पिंजरा उतरवला गेला. बाहेर त्याच दिवशी पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, कित्येक जण जखमी झाले. नाताळापूर्वी जामीन मिळाला, तोही रंगाप्रमाणे : गोऱ्याला 250 पौंड, हिंदी माणसाला 100, आणि आफ्रिकी व मिश्रवंशीयांना त्याहून कमी. राजद्रोहाचा आरोप एकच, पण माणसाची किंमत सरकारने येथेही वेगवेगळी लावली.

पिंजरा गेला तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. हॉलमध्ये वर्णाप्रमाणे वेगळ्या रांगा नव्हत्या. ज्या देशात आगगाडीचे डबे वेगळे, बागेतली बाके वेगळी, टपालाच्या कचेरीतल्या खिडक्याही वेगळ्या, त्या देशात लष्कराच्या छपराखाली काळे, गोरे आणि हिंदी रोज शेजारी शेजारी बसू लागले. जानेवारी 1957 पासून वर्षभर ते येथे येत होते. 1904 पासून जी हजेरी एकाच रंगाची होती ती आता सर्व रंगांची झाली. स्वातंत्र्याच्या सनदेत जे कागदावर लिहिले होते ते पाहायला जगभरचे वार्ताहर ड्रिल हॉलमध्ये येऊ लागले, आणि ही सोय सरकारने केली होती.

पुरावा काय होता? पोलिसांनी जप्त केलेले सुमारे बारा हजार कागद. त्यांत क्लिपटाउनच्या स्वयंपाकघरातल्या दोन पाट्याही होत्या : मांसाचे सूप आणि बिनमांसाचे सूप. हीही राज्य उलथण्याची साधने! एक साक्षीदार स्वतःला पदवीधर आणि वकील म्हणवीत होता. शस्त्रे आणण्यासाठी पुढाऱ्यांना रशियात पाठवायचे ठरले होते असे त्याने सांगितले. बचावाचे वकील व्हर्नन बेरांजे ह्यांनी उलटतपासणी घेतली तेव्हा तो पदवीधर नाही, वकील नाही, फसवणुकीची शिक्षा भोगणारा कैदी आहे असे निघाले. साम्यवादावरचे तज्ज्ञ म्हणून प्राध्यापक मरे आले. बेरांजे त्यांना एकेक उतारा वाचून दाखवीत आणि हा साम्यवादी आहे काय असे विचारीत. असाच एक उतारा साम्यवादी आहे असे प्राध्यापकांनी सांगितले, आणि तो त्यांचाच जुना लेख निघाला. हॉलमध्ये हशा पिकला असेल. पण हशाखाली फाशीची दोरी होती हे विसरून चालणार नाही.

आणि मला ज्याचे मोल जास्त वाटते ते हॉलबाहेर घडत होते. वर्षभर कोर्टात बसायचे म्हणजे नोकरी गेली. मंडेला आणि टांबो ह्यांची वकिली बुडाली. ज्यांच्याकडे वकिली नव्हती त्यांच्या घरच्या चुली बुडाल्या. दुपारचे जेवण हिंदी कुटुंबांतल्या स्त्रिया शिजवून आणीत. बिशप अँब्रोझ रीव्हज आणि लेखक अ‍ॅलन पेटन ह्यांनी बचावनिधी उभारला. लंडनहून कॅनन कॉलिन्स पैसे पाठवीत. संप म्हणजे व्यासपीठावरचे भाषण असे ज्यांना वाटते त्यांना मी नेहमी सांगतो की संप म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला तांदूळ. तो ज्याने पोचवला त्याने संप चालवला.

त्याच जानेवारीत जवळच्या अलेक्झांड्रा वस्तीत बसचे भाडे चार पेन्सांवरून पाच पेन्स झाले. लोकांनी बसवर बहिष्कार घातला. हजारो माणसे रोज पहाटे नऊ-नऊ मैल चालत कामाला गेली आणि संध्याकाळी चालत परतली. एका पेनीसाठी! ज्यांना हे हास्यास्पद वाटते त्यांनी महिन्याच्या पंचवीस तारखेला एखाद्या मजुराचा खिसा पाहावा.

आणखी एक प्रसंग सांगतो. एली वाइनबर्ग हे जुने युनियन कार्यकर्ते. सरकारने त्यांना युनियनच्या कामातून बंदीहुकुमाने काढले, तेव्हा पोटासाठी त्यांनी छायाचित्रे काढायला घेतली. सर्व 156 जणांचे एकत्र चित्र घ्यावे म्हणून त्यांनी जूबर्ट पार्कमध्ये बाके मांडली. काळे-गोरे एकत्र बसून फोटो काढणार हे कळताच बागेच्या अधिकाऱ्याने परवानगी नाकारली. मग वाइनबर्गनी लहान लहान गटांची चित्रे घेतली आणि ती जोडून एक चित्र तयार केले. ते चित्र पुढे जगभर गेले. बागेत बसता आले नाही, पण कागदावर 156 जण आजही ओळीने बसलेले आहेत. त्याहून सुंदर हजेरीपट मी पाहिलेला नाही.

मीरतचा कट आपल्याकडे घडला होता म्हणून हे सारे आपल्याला ओळखीचे वाटते. 1929 साली मुंबईच्या गिरणी कामगारांचे डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर, अळवे, कासले हे पुढारी दूर मीरतेला नेऊन बादशहाविरुद्ध कट केल्याच्या आरोपाखाली उभे केले होते. राज्ये वेगळी असतात, पण त्यांची युक्ती एकच : मागणीला कट म्हणायचे आणि खटला लांबवून चळवळीचा दम काढायचा.

पण येथे दम सरकारचाच निघाला. डिसेंबर 1957 मध्ये लुथुली आणि टांबो ह्यांच्यासह 61 जणांवरचे आरोप मागे घेतले गेले. बाकीच्यांचा खटला ऑगस्ट 1958 पासून प्रिटोरियात, एका जुन्या ज्यू प्रार्थनामंदिरात चालला. शेवटी तीसच आरोपी उरले आणि 29 मार्च 1961 रोजी ते सर्व निर्दोष सुटले. परंतु न्याय मिळाला म्हणून राज्य बदलत नाही. मधल्या काळात शार्पव्हिलचे हत्याकांड होऊन गेले होते, संघटनांवर बंदी आली होती. मंडेला, सिसुलू, कथ्राडा पुढे जन्मठेपेवर गेले. बिली नायर वीस वर्षे रॉबेन बेटावर होते. आणि बराकीत मेळा जमवणारे मिनी 6 नोव्हेंबर 1964 रोजी दोन सहकाऱ्यांसह प्रिटोरियात फासावर गेले. तेही गात गेले. बेचाळीस वर्षांपूर्वी तीन गोरे कामगार त्याच शहरात गात गेले होते. दोन्ही वेळा कामगार, दोन्ही वेळा गाणे. फरक एवढाच की मिनीच्या गाण्यात लाँगच्या नातवंडांनाही जागा होती. लाँगच्या गाण्यात मिनीच्या आजोबांना नव्हती.

ड्रिल हॉल पुन्हा लष्कराकडे गेला. 1967 पासून प्रत्येक गोऱ्या तरुणावर लष्करी नोकरीची सक्ती झाली. पुढे येथे त्या विभागाच्या सेनेचे मुख्य ठाणे होते. 30 जुलै 1987 रोजी दाराशी मोटारीत ठेवलेला बाँब फुटला आणि साठाहून अधिक माणसे जखमी झाली; त्यांत वाटेने जाणारी साधी माणसेही होती. चळवळ माझी आवडती असली तरी हे झाकून ठेवणे योग्य नाही. 1990 च्या फेब्रुवारीत मंडेला सुटले, 1994 साली राष्ट्राध्यक्ष झाले. लष्कराने ती इमारत सोडली.

मग तेथे कोण आले? ज्यांना छप्पर नव्हते ते आले. बाहेरगावाहून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे मोडक्या खोल्यांत राहू लागली. पाणी नाही, वीज नाही. 2001 आणि 2002 साली आगी लागल्या, इमारतीची मोठी हानी झाली आणि त्यांत माणसे मेली. ह्या सबंध इतिहासातली माझ्या मते सर्वांत कठीण गोष्ट ही आहे. कारण आता राज्य स्वातंत्र्याच्या सनदेवाल्यांचे होते. 156 जणांची नावे शाळेच्या पुस्तकांत होती. पण त्याच छपराखाली जळालेल्या माणसांना त्या देशात कोणत्याही मस्टरवर जागा मिळाली नव्हती. 2004 साली शहराने त्या वास्तूची डागडुजी करून ती लोकांसाठी उघडली. त्याच वर्षी फोर्टच्या टेकडीवर, जुन्या तुरुंगाच्या विटा भिंतींत घालून बांधलेले घटना-न्यायालय सुरू झाले. 2008 पासून काही वर्षे ड्रिल हॉलमध्ये मुलांसाठी एक वाचनालय चालले. जेथे हत्यारे ठेवीत तेथे पुस्तके आली, हे ऐकायला गोड आहे. पण वाचनालयाच्या गोडीने आगीचा वास जात नाही.

माझे स्वतःचे एक सांगून संपवतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही मोठा करार केला. कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली, गुलाल उधळला, मला हार घातले. दाराबाहेर ठेकेदाराची माणसे उभी होती. तीच यंत्रे ती चालवीत, तोच धूर गिळत, पण करारात त्यांच्याविषयी एक ओळ नव्हती. त्यांतल्या एकाने मला विचारले, “साहेब, आमचं काय?” मी म्हणालो, “तुमचं नाव आमच्या मस्टरवर नाही रे बाबा.” हे वाक्य मी कायदेशीरपणे बोललो होतो. पुढे 1922 चा इतिहास वाचताना मला ते आठवले आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले. मी बंदूक घेतली नव्हती, कोणाचा द्वेष केला नव्हता. फक्त यादी अपुरी ठेवली होती. जोहान्सबर्गच्या गोऱ्या युनियनवाल्यांनीही आरंभ तेवढ्यानेच केला होता. दुसऱ्या कराराच्या वेळी आम्ही ठेकेदाराच्या माणसांना सभासद करून घेतले. भांडण वाढले, करार आठ महिने लांबला, जुन्या सभासदांच्या शिव्या खाल्ल्या. पण यादी पूर्ण झाली.

ड्रिल हॉल कोणी बांधला, कशासाठी बांधला, ह्यावरून तो कोणाचा हे ठरत नाही. ते ठरते तेथे कोणाकोणाची नावे पुकारली जातात त्यावरून. सरकारने 156 माणसांना गुन्हेगार म्हणून पुकारले आणि त्यांनी एका देशाचे नागरिक म्हणून ‘हजर’ म्हटले. आपल्या गावातही यादी करण्याच्या जागा पुष्कळ आहेत : युनियन आहे, नगरपालिका आहे, पतपेढी आहे, ही व्याख्यानमालाही आहे. यादी वाचून झाल्यावर, वही मिटण्यापूर्वी, एकदा मान वर करून दाराकडे पाहावे आणि कोण बाहेर उभे राहिले आहे ते विचारावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.